दिवाळी तोंडावर आली की छातीत धडधड: काय करावं?

प्रश्न: मी 43 वर्षांची आहे. डोंबिवलीला राहते, बँकेत नोकरी करते. घरात सासू-सासरे, नवरा आणि दहावीतला मुलगा. दसरा झाला की छातीत धडधड सुरू होते, झोप उडते, बारीकसारीक गोष्टींवरून चिडचिड होते. साफसफाई, फराळ, अमेरिकेतल्या दिरांचं पार्सल, भाऊबीजेला नणंद आणि तिची मुलं, सगळं माझ्या डोक्यावर. त्यात या आषाढात माझे बाबा गेले. सासरी मात्र दिवाळी नेहमीसारखीच होणार आहे. ध्यानाचं अ‍ॅप घेतलं, पण डोळे मिटले की रडूच येतं. हे दिवस मन शांत कसं ठेवायचं?

उत्तर:

आधी एक व्यवहाराचं सांगते. ही धडधड या वर्षीची नवी आहे की दरवर्षीची, ते तुमच्या पत्रातून कळत नाही. कशीही असो, माझ्यासारख्या समुपदेशकाकडे येण्याआधी फॅमिली डॉक्टरांकडे जा. हिमोग्लोबिन, थायरॉइड, रक्तदाब आणि एक ईसीजी करून घ्या. चाळिशीनंतर, पाळी जाण्याच्या आधीच्या वर्षांत, नुसत्या हार्मोन्सच्या चढउतारानेही धडधड होते आणि झोप बिघडते. रक्त कमी असलं तरी तेच, थायरॉइड वाढला तरी तेच. 'मनाचं आहे' म्हणून महिनोन्महिने समुपदेशन घेत राहिलेल्या आणि शेवटी थायरॉइड निघालेल्या बायका मी पाहिल्या आहेत. आणि धडधडीबरोबर छातीवर दाब, दम लागणं, दंडात किंवा जबड्यात कळ, असं काही झालं तर कढईखालचा गॅस बंद करून थेट हॉस्पिटल गाठायचं. घाणा पुरा करायला थांबायचं नाही. हे मी गमतीने लिहीत नाहीये. सणाच्या दिवसांत दुखणं अंगावर काढण्यात आपल्या बायकांचा हात कुणी धरणार नाही.

रिपोर्ट ठीक आले, असं धरून पुढे लिहिते.

तुम्ही 'मन शांत कसं ठेवायचं' एवढं एकच विचारलंय, पण पत्रात तीन वेगळ्या गोष्टी आहेत. थकवा आहे, राग आहे आणि बाबांचं दुःख आहे. तिन्हींवर एकच अ‍ॅप चालत नाही, म्हणून ते चाललं नाही. दिवसभर तुम्हाला रडायला सवड नसते. डोळे मिटून बसलात की तीच दिवसातली पहिली सवड, मग रडू येणारच. त्यात ध्यान चुकलं असं काही नाही. दिवाळी होईपर्यंत ते अ‍ॅप बाजूला ठेवलंत तरी माझी हरकत नाही.

थकव्याचं लवकर सांगून टाकते, कारण ते सगळ्यांना ठाऊक असतं आणि कुणी करत नाही. फराळ रात्री करू नका. ऑफिसातून येऊन, जेवणं आटपून दहा वाजता चकलीचा सोऱ्या हातात घ्यायचा, साडेबाराला ओटा पुसायचा आणि सकाळची लोकल पकडायची, असं आठवडाभर चाललं तर कुणाचंही डोकं फिरेल. अपुरी झोप आणि चिडचिड यांचा संबंध थेट आहे, त्यात स्वभावाचा दोष शोधायला नको. चहाचंही बघा. साधारण पाच तासांनी कॅफिन निम्म्यावर येतं. म्हणजे पीठ मळताना संध्याकाळी सातला घेतलेल्या चहातलं निम्मं रात्री बाराला अंगात असतं, आणि त्याच वेळी तुम्ही छताकडे बघत 'रवा आणायचा राहिला' म्हणत पडलेल्या असता. चारनंतर चहा बंद. नरक चतुर्दशीला पहाटे उठायचं तर धनत्रयोदशीला रात्री दहाला दिवा मालवायचा, मग कंदिलाची माळ लावायची राहिली तरी चालेल. रात्री 10 ते सकाळी 6 फटाक्यांना कायद्याने बंदी आहे. ती किती पाळली जाते ते तुम्ही-आम्ही जाणतो, त्यामुळे औषधाच्या दुकानातून कानात घालायचे बोळे आणून ठेवा.

आता राग. इथे मला जरा थांबायचंय, कारण माझ्या अनुभवात सणातली निम्म्याहून अधिक अशांती इथून येते. घरातली मंडळी वाईट असतात असं नव्हे. कामांचं वाटप कधी बोललंच जात नाही, हे खरं दुखणं.

तुमच्या डोक्यात आज एक यादी फिरत असणार. भाजणी दळून आणायची, डबे घासून उन्हात ठेवायचे, मोलकरणीचा बोनस, सासऱ्यांच्या गोळ्या सुट्टीआधी आणायच्या, नणंदेच्या धाकट्याला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी, पार्सलची तारीख, उटणं, पणत्या, तेल. घरातल्या दुसऱ्या कुणाला ही यादी म्हणायला सांगा, चार ओळींपुढे जाणार नाही. नवरा म्हणतो, 'अगं, सांग ना काय करू, करतो.' तो मनापासून म्हणतो. पण लक्षात ठेवणं, वेळेवर सांगणं आणि झालं का ते बघणं तुमच्याकडेच राहतं. त्याने दहा कामं केली तरी तुमचं डोकं मोकळं होत नाही. उलट 'एवढं करतो तरी हिचं तोंड वाकडंच' असं त्याला वाटतं, आणि त्याच्या बाजूने तेही खरं असतं.

म्हणून मदत मागू नका, एक अख्खं काम देऊन टाका. चिवडा घ्या. चिवडा त्याचा म्हणजे पातळ पोहे आणण्यापासून डब्याला झाकण लागेपर्यंत त्याचा. डाळं आणायचं राहिलं तर ते त्याचं राहिलं. पोहे मंद आचेवर भाजताना बोटांत चुरडून बघायचे असतात, चुरचुरीत झाल्याशिवाय फोडणीत टाकले तर दुसऱ्या दिवशी चिवट होतात. हे त्याला एकदा सांगा किंवा तेही त्याच्या आईला सांगू द्या. मग स्वयंपाकघरातून बाहेर या. खोबऱ्याचे काप करपतील. हळद कढीपत्त्याच्या आधी पडेल. आतून हाक येईल, 'पिठीसाखर कुठंय?' तेव्हा उठायचं नाही. बसल्या जागेवरून 'बघ तिथेच' एवढंच म्हणायचं. ज्या बायका या क्षणी उठल्या, त्यांचा चिवडा पुढच्या वर्षी परत त्यांच्याकडे आला.

अमेरिकेचं पार्सलही नवऱ्याकडे द्या. भाऊ त्याचा आहे. घरगुती फराळ करणाऱ्या अनेक बायका आता परदेशी पाठवण्याचं पॅकिंगसुद्धा करून देतात. त्यांना फोन करून तारीख, पत्ता आणि पैसे ठरवायचे, एवढंच काम.

मग उरल्या सासूबाई. त्यांच्याशी बोलायची वेळ वसुबारस ही नाही. तोवर पीठं भिजलेली असतात आणि डोकी तापलेली. कोजागिरीच्या सुमारास बोला, दिवाळीला पंधरवडा असतो, कुणाला घाई नसते. घरातल्या प्रत्येकाला एक प्रश्न विचारा: 'कुठली एक गोष्ट नसली तर तुम्हाला दिवाळी वाटणार नाही?' एकच सांगायची अट. माझ्याकडे येणाऱ्यांना मी हा प्रश्न बरेचदा घरी विचारायला पाठवते आणि उत्तरं साधारण सारखी येतात. मुलगा म्हणतो कंदील, सासरे म्हणतात पहाटेचं उटणं आणि गरम पाणी, नवरा म्हणतो बेसनाचे लाडू. तुम्ही ज्या शंकरपाळ्यांसाठी रात्री जागत होता, त्या बहुधा कुणाच्याच उत्तरात नसतात. सासूबाई चकली म्हणाल्या तर चकली घरी ठेवा, आणि भाजणीचं प्रमाण, पाणी, मोहन हे सगळं त्यांनाच ठरवू द्या. त्यांनी खुर्चीवर बसून सांगायचं, मुलाने सोऱ्या फिरवायचा. फराळ हा त्यांच्या हातात उरलेला एक कारभार आहे. तुम्ही सगळंच विकत आणलंत तर वाद चकलीवरून होईल, पण दुखेल वेगळंच.

बाकीचं बाहेरून. हे सांगताना विचारल्यासारखं सांगू नका आणि कारणांची माळ लावू नका. 'आई, या वर्षी चकली आणि लाडू घरी करू. करंज्या, शंकरपाळ्या मी बचत गटाकडे सांगितल्यात.' संपलं. 'ऑफिसात ऑडिट आहे, पाठ दुखते, गॅसही महाग झालाय' असं पुढे जोडलंत की प्रत्येक कारण खोडून काढता येतं. 'आमच्या वेळी आम्ही सात-सात पदार्थ करायचो' असं उत्तर येईलच. त्यावर 'हो, खरंच केलंत तुम्ही,' एवढंच म्हणायचं. ते खोटं नाही आणि त्याने तुमचा निर्णयही बदलत नाही. त्या दोन दिवस गप्प बसतील. बसू द्या. समोरच्याची नाराजी दूर केल्याशिवाय आपल्याला शांत राहता येत नाही, ही सवय आपल्याकडे मुलींना फार लहानपणी लागते. ती या दिवाळीत सुटणार नाही. पण दोन दिवसांची नाराजी सोसवते, एवढा अनुभव तरी गाठीला येईल.

भाऊबीजेचा पेच घराघरातला. नणंद तुमच्या घरी भावाला ओवाळायला येणार म्हणून तुम्ही स्वतःच्या भावाकडे जाऊ शकत नाही. इतकी वर्षं ते चाललं असेल, या वर्षी चालवू नका. बाबा गेल्यानंतर तुमच्या भावाचीही ही पहिली भाऊबीज आहे. नणंदेला आजच फोन करून सांगा की दुपारचं जेवण एकत्र करू, चारला मी माहेरी निघेन, रात्रीचं तुम्ही आणि दादा बघा. तिलाही सासर आहे, तिला कळेल. नाहीच जमलं तर पुढच्या रविवारी ओवाळा. नोकरदार घरांत असं सर्रास होतं आणि त्याने कुणाचं काही अडलेलं नाही.

आता बाबांबद्दल.

आपल्याकडे घरात मृत्यू झाला की त्या वर्षीचे सण साधेपणाने करायचे, ही जुनी रीत आहे. पुष्कळ घरांत पहिल्या दिवाळीला फराळ करत नाहीत, नातेवाईक आणि शेजारी डबे घेऊन येतात, दोन घास खायला लावतात, बसतात. प्रत्येक जातीत, गावात तपशील वेगळा, पण गाभा तोच. कर्मकांडाबद्दल मला फारसं प्रेम नाही, तरी ही रीत कुणा शहाण्या माणसाने घातली असावी असं वाटतं. दुःखात असलेल्या माणसाला त्यातून उघड परवानगी मिळते. 'तू या वर्षी हसली नाहीस, रांगोळी काढली नाहीस तर चालेल,' असं सगळा गोतावळा न बोलता सांगतो.

लग्न झालेली मुलगी मात्र या परवानगीतून सुटून जाते. रूढीप्रमाणे तिला आईवडिलांचं सूतक तीन दिवसांचं. चौथ्या दिवशी ती सासरच्या घरची, आणि सासरचा सण चालू. तुमच्या भावाकडे या वर्षी कंदीलही लागणार नाही कदाचित, आणि तुमच्याकडून लक्ष्मीपूजनाला पैठणी नेसून हसण्याची अपेक्षा असेल. वडील एकच आणि दोन मुलांच्या दोन दिवाळ्या. तुम्हाला छातीवर जे ओझं वाटतंय त्यात याचा वाटा मोठा आहे, असं पत्र वाचताना मला वाटलं. तुम्ही ते एका ओळीत उरकलंत, म्हणूनच जास्त वाटलं.

यावर उपाय म्हणून सासरची दिवाळी बंद पाडायला नको. मुलाची दहावी आहे, त्यालाही चार दिवस मोकळे हवेत. बाबांसाठी मात्र एक वेळ आणि एक जागा ठरवा, आणि ती घरात सांगून ठरवा. नवऱ्याला म्हणा, 'लक्ष्मीपूजन झालं की अर्धा तास मी गॅलरीत बसणार आहे, बाबांची आठवण काढायला. मला हाक मारू नका.' त्या अर्ध्या तासात रडा, त्यांचे फोटो बघा, भावाला फोन करा, नाहीतर काहीच करू नका. बाबांना अनारसे आवडत असतील तर दोन अनारसे त्यांच्या फोटोपुढे ठेवा. ठरवलेली वेळ असली की दुःख दिवसभर कढईपाशी, पाहुण्यांपुढे अवेळी उसळण्याचं प्रमाण कमी होतं. थांबत नाही, कमी होतं.

हसू आलं तर हसा. मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शुट या अभ्यासकांनी 1999 मध्ये शोकाबद्दल एक मांडणी केली, आमच्या कामात ती फार उपयोगी पडते. शोक करणारा माणूस दोन टोकांत ये-जा करत असतो, असं ते म्हणतात. कधी गेलेल्या माणसाच्या आठवणीत, कधी रोजच्या जगण्याच्या खटाटोपात. ही ये-जा म्हणजेच सावरणं. सकाळी मुलाबरोबर किल्ल्यावर मावळे मांडताना हसलात आणि दुपारी भांडी घासताना रडलात, तर दोन्ही जागेवर आहे. 'बाबा जाऊन चार महिने नाही झाले आणि मी हसते कशी' हा अपराधीपणा अनेक मुली घेऊन येतात. वडील गेलेल्या मुलग्यांच्या तोंडून तो मी क्वचित ऐकला आहे, का ते तुम्हीच बघा.

तुमच्या आईचं एक लक्षात ठेवा. सगळ्यांचं लक्ष लक्ष्मीपूजनाकडे असतं, पण नवरा गेलेल्या बाईला सर्वांत जड जातो तो पाडवा. त्या दिवशी घरोघरी बायका नवऱ्याला ओवाळतात, फोनवर त्याचे फोटो येत राहतात, आणि जिने आयुष्यभर ते तबक हातात धरलं तिला त्या संध्याकाळी करायला काही नसतं. शक्य असेल तर पाडव्याला दुपारनंतर आईकडे जा, रात्री तिथेच राहा आणि भाऊबीजेला नणंदेबरोबरच्या जेवणापर्यंत घरी परत या. बँकेला सुट्टी असते. नवऱ्याला सकाळी ओवाळा. आईला कुंकू, ओवाळणं, नवी साडी यात काय हवं-नको ते तिलाच विचारा. परस्पर ठरवू नका, ना जुन्या पद्धतीने, ना सुधारकी उत्साहाने. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने 2022 मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्यानंतर राज्य सरकारनेही इतर ग्रामपंचायतींना तसं करण्याचं आवाहन केलं. चर्चा खूप झाली, चांगलंच झालं. तरी तुमच्या आईच्या घरात पहिला शब्द आईचा असू दे. नातवाला तिनेच पहिलं ओवाळावं, एवढं सुचवून बघा. बहुतेक आज्या त्याला नाही म्हणत नाहीत.

हे सगळं ठरवूनही एखाद्या क्षणी धडधड होणारच. पाहुणे बाहेर बसलेत, गॅसवर दोन भांडी, कुणीतरी विचारलं, 'यंदा लाडू जरा कोरडे झालेत का गं?' आणि छातीत उसळलं. तेव्हा डोळे मिटून बसायला जागाही नसते आणि ते तुम्हाला सोसतही नाही. डोळे उघडेच ठेवून नाकाने चार आकडे मोजत श्वास घ्या, सहा आकडे मोजत सोडा. आत घेतलेल्यापेक्षा सोडलेला श्वास लांब असला की हृदयाचे ठोके उतरतात, ही शरीराचीच रचना आहे, श्रद्धेचा प्रश्न नाही. दोन-तीन मिनिटं पुरतात. भांडी विसळता विसळता करता येतं, कुणाला कळतही नाही. तेवढ्याने भागलं नाही तर कचऱ्याची पिशवी उचला आणि खाली जा. भरल्या घरातून बाईला दहा मिनिटं बाहेर पडायचं तर कचरा हे एकमेव कारण आहे ज्याला कुणी 'आत्ता कशाला?' म्हणत नाही. खाली गेल्यावर इमारतीला दोन चकरा मारून या. फोन वरच ठेवा. दुसऱ्यांच्या रांगोळ्यांचे स्टेटस बघून आजवर कुणाची धडधड कमी झालेली माझ्या माहितीत नाही.

तुमचं आत्ताचं दुःख मी आजार मानत नाही. काही गोष्टी दिसल्या तर मात्र दिवाळी होऊ दे मग बघू, असं करू नका. सलग दोन आठवडे जवळपास रोज, दिवसातला बराच वेळ मन उदास आहे, कशातच रस नाही, पहाटे तीनला जाग येऊन पुन्हा झोप लागत नाही, भूक गेली आहे, आपण घरावर ओझं आहोत असं वाटतंय, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. गोळ्या लागल्या तर लागल्या. आपण नसतो तर बरं, असा विचार एकदा जरी घर करू लागला तर त्याच दिवशी नवऱ्याला सांगा आणि 14416 वर फोन करा. ती केंद्र सरकारची टेली-मानस सेवा आहे, 2022 पासून सुरू आहे, मोफत, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं. लक्ष्मीपूजनाच्या रात्रीही.

शेवटचं रजेबद्दल. बहुतेक बायका रजा दिवाळीच्या आधी टाकतात आणि ती साफसफाईत जाते. तुम्ही एक रजा भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवसाची टाका. पाहुणे गेलेले असतात, मुलगा क्लासला, नवरा कामावर, डबे निम्मे रिकामे. सणभर ताणून धरलेलं शरीर त्या दिवशी ढेपाळतं, आणि दुःखही पुष्कळदा त्याच दिवशी खऱ्या अर्थाने पोचतं. आमच्याकडे त्या आठवड्यात फोन वाढतात ते याचमुळे. त्या दिवशी स्वयंपाक करू नका, उरलेला चिवडा आणि दही खा, आणि वाटलं तर मला पुन्हा लिहा.